कस्तू आणि सूर्यफुलांतली परी

वाट संपते आणि सूर्यफुलांचं पिवळंधमक रान सुरू होतं, तिथे इवल्याशा झोपडीत कस्तू आणि तिची आई राहत. आईचा पाय मोडला होता, म्हणून रान राखायचं काम नऊ वर्षांच्या कस्तूवर आलं. फुलं ताटाएवढी झाली, पण बी मात्र पोचट. दाताखाली धरलं की नुसतं टरफल. बी भरलं नाही तर तेल निघणार नाही, मग वर्षभर खायचं काय?

कस्तू गोड बोलणाऱ्यांना बिचकून असायची. मागे एका गोडबोल्याने "चारून आणतो" म्हणत त्यांची शेळी नेली, ती परत आलीच नाही.

एके सकाळी एका फुलातून चिमुकली, सोनुली परी उतरली. तिचे पंख दवाने लखलखत होते.

"कस्तू, तुझी एक इच्छा पुरी करीन," परी म्हणाली.

कस्तू दोन पावलं मागे सरली. "माझं नाव तुला कुणी सांगितलं? आणि बदल्यात काय नेशील?"

"काहीच नाही. आई तुला हाक मारते, ती रोज ऐकते मी."

"मग माझ्या फुलांवर चेटूक कुणी केलं? कळ्या होत्या तेव्हा सूर्यामागे माना वळवायच्या. आता नुसती उगवतीकडे बघत उभी आहेत."

"चेटूक नाही गं. वय झालं की त्यांची मान ताठ होते. उगवतीला तोंड असलं की सकाळीच ऊब येते, आणि मधमाश्यांना उबदार फूल आवडतं."

कस्तूला पटेना. वाऱ्याने वाकलेलं एक फूल मावळतीकडे तोंड करून होतं. तिने एक हात त्याच्यावर ठेवला, दुसरा शेजारच्या फुलावर. वाकलेलं गार लागलं, शेजारचं कोमट.

"बरं," ती म्हणाली. कपाळावरची आठी मात्र गेली नाही. "मला तेलाचे दोन डबे दे."

परीने हात उचलला.

"थांब. ते तेल आणणार कुठून?"

परीने हात खाली घेतला. "तुमच्या शेजारच्या सखूमावशीच्या घरातून. मागितलेलं कुठून तरी आणावंच लागतं. कुणी विचारलं तरच सांगायचं, असा माझा नियम आहे. आजवर कुणी विचारलं नव्हतं."

कस्तूला आईचं रिकामं ताट आठवलं. तिचे डोळे भरून आले. "मग नको. मावशीला तीन लेकरं आहेत." नाक पुसत तिने विचारलं, "बी पोचट का होतं?"

"ओढ्याकाठची झुडपं कुणीतरी जाळली. मधमाश्या लांब गेल्या, तिथे उपाशी आहेत. त्यांनी फुलाफुलांवर पराग नेले तरच बी भरतं. प्रत्येक फुलाच्या कडेचं बी वाया गेलं, पण मधला भाग अजून उमलायचा आहे."

"त्यांना आणलंस तर कुणाचं काही जाईल?"

"कुणाचंच नाही. फक्त शेवटची एक ओळ पाखरांसाठी सोडायची."

"एकच ना? उद्या दुसरी मागशील."

"एकच."

"मग आण."

दुपारपर्यंत सारं रान गुणगुणू लागलं. महिन्याभराने फुलं बियांनी जड झाली. कस्तूने शेवटची ओळ तोडली नाही. त्या ओळीवर हिरवे राघू उतरले, तेव्हा परी पुन्हा आली. झोपडीत शिरून तिने आईच्या पायावर पिवळी, चमचमती धूळ शिंपडली.

"हे मी मागितलं नव्हतं," कस्तू चाचरत म्हणाली. "हे कुठून आणलंस?"

"हे माझंच आहे."

बोलता बोलता परीचे पंख विरघळून उजेड झाले, मग हात, मग हसू. सगळी झोपडी सोनेरी झाली. उजेड ओसरला तेव्हा परी नव्हती. आई भिंतीला न धरता उभी होती.

कस्तूने पुढे काही विचारलं नाही. आईचा हात धरून ती उन्हात गेली.