जाणत्या लोखंडाचा दरवाजा

फार फार वर्षांपूर्वी, डोंगर माणसांशी बोलत नसले तरी माणसांचे ऐकत होते, त्या काळी घडलेली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

एका राज्याच्या टोकाला एक काळा डोंगर होता आणि त्याच्या पोटात जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारा धातू होता. लोक त्याला जाणते लोखंड म्हणत. त्याची कडी चोराच्या हाताला उघडत नसे. त्याची विळी लहान पोराचे बोट कापत नसे. पण तो मिळायचा फार थोडा. महिनाभर पन्नास माणसे खपली तर पाच-सहा पाट्या भरायच्या.

खाणीचे काम भिवरा नावाची म्हातारी बघत असे. रोज सकाळी भुयाराच्या तोंडाशी उभी राहून ती आत जाणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा बघायची. घरी भांडून आलेला असेल, कुणाचे काही बरेवाईट झाले असेल, तर त्याला म्हणायची, "तू आज वरच बस. दगड निवड." तिची आई असेच करायची, आजीही असेच करायची. का, ते कुणी विचारत नसे.

अशात शेजारच्या राजाने या राज्यावर डोळा ठेवला. त्याच्या हत्तींनी सीमेवरचे दोन किल्ले फोडले. राणी घाबरली. तिने आपल्या कारभाऱ्याला, तुळाजीला, बोलावले.

"राजधानीच्या किल्ल्याला जाणत्या लोखंडाचा दरवाजा हवा," राणी म्हणाली. "एका वर्षात."

तुळाजी मनाचा वाईट नव्हता. त्याचा धाकटा भाऊ सुभानजी त्याच किल्ल्याच्या दरवाजावर पहारेकऱ्यांचा नाईक होता. दरवाजा झाला नाही तर पहिला घाव कुणावर पडणार, हे तुळाजीला कळत होते. तो त्याच दिवशी खाणीवर गेला.

त्याचा आवाज म्हणजे नगाराच. भुयाराच्या तोंडाशी ओरडला की पार शेवटच्या टोकाला माणसाच्या हातातली पहार थरथरे. त्याने भिवराला बाजूला केले, पन्नासाची दोनशे माणसे केली, आणि पहिल्याच दिवशी बजावले, "आजपासून पोट दुखतंय, मन दुखतंय, काही चालायचं नाही. उभं राहायचं, घाव घालायचा!"

त्याच्या हातात आसूड असे. तो त्याने कधी कुणाच्या अंगाला लावला नाही. नुसता हवेत वाजवायचा. याचा त्याला अभिमानही होता.

हिऱ्या नावाच्या खाणकऱ्याची तान्ही मुलगी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळाजीने त्यालाही आत पाठवले.

भिवरा आडवी आली. "कारभारी, आज त्याला नका पाठवू. तो रडत घाव घालील. ते रडणं त्या लोखंडात उतरेल."

"लोखंडाला काय कान आहेत, भिवराबाई?"

"त्याला जाणतं का म्हणतात मग?"

तुळाजी नुसता आणखी मोठ्याने ओरडला. हिऱ्या आत गेला.

पाट्या भराभर भरू लागल्या. महिन्याला साठ, मग ऐंशी. भट्ट्या पेटल्या. एक दिवस म्हातारा लोहार धापा टाकत तुळाजीकडे आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कारभारी, चाळीस वर्षं ऐरणीपुढे बसतोय. हातोडा उचलला की अंग चोरणारं लोखंड आजवर पाहिलं नव्हतं."

तुळाजी बघायला गेला. लोहाराने हातोडा वर नेला, आणि तापलेला तांबडा तुकडा ऐरणीवर चक्क मागे सरकला. मांजराच्या पिल्लावर हात उगारावा आणि ते दबावे, तसा. क्षणभर तुळाजीला वाटले, काम थांबवावे, राणीला जाऊन सांगावे. पण वर्षाचे दोनच महिने उरले होते.

"सांडशीने घट्ट धर," तो म्हणाला, "आणि हे कुणापाशी बोलू नकोस."

वर्ष भरायच्या आत दरवाजा उभा राहिला. दोन पुरुष उंच, निळसर झळाळीचा. सुभानजीने त्यावरून हात फिरवला आणि भावाला मिठी मारली. "दादा, आता मला झोप लागेल!"

मार्गशीर्षात शत्रू आला. आपल्या कामाची परीक्षा आपल्या डोळ्यांनी बघावी, म्हणून तुळाजी मुद्दाम किल्ल्यात थांबला होता. पहिल्या दिवशी शत्रूने खंदकावर फळ्या टाकल्या आणि त्यांवरून हत्ती धावून आले. दरवाजापाशी येताच ते सोंडा वर करून परतले. शत्रूच्या कुऱ्हाडींची पाती मेणासारखी वाकली. तटावर लोक नाचू लागले. राणीने स्वतःच्या गळ्यातला हार काढून तुळाजीच्या गळ्यात घातला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शत्रूच्या शंभर माणसांनी उचललेला एक अजस्र ओंडका दरवाजावर आदळला. दरवाजा हलला नाही, फक्त घुमला. दुसरा तडाखा बसला. तिसरा बसला. बिजागऱ्या जरा कुरकुरल्या, इतकेच.

पण तुळाजीला ती कुरकुर सोसली नाही. तो तटावरून धावत खाली आला, पहारेकऱ्यांना बाजूला सारून दरवाजापुढे उभा राहिला आणि खाणीत ओरडायचा तसा ओरडला,

"उभा राहा! हलायचं नाही! घाव सोस!"

दरवाजा शहारला.

सगळ्यांनी पाहिले. एवढा मोठा लोखंडी दरवाजा वरपासून खालपर्यंत थरथर कापू लागला. बाहेरून तर त्या वेळी एकही घाव बसत नव्हता. शत्रूची माणसेसुद्धा ओंडका टाकून खंदकापलीकडे पळाली आणि तिथून तोंड उघडे ठेवून बघत राहिली.

"ऐकू येत नाही का? उभा राहा म्हणतो ना!" तुळाजी आणखी जोरात गरजला.

आणि दरवाजा त्याच्यापासून मागे सरला. कडा आकसल्या. अडसर आपोआप घसरून पडले. बिजागऱ्या दगडातून तडातड उपटल्या गेल्या. तुळाजी आत उभा होता, म्हणून दरवाजा बाहेर पळाला. जिकडे शत्रू होता, तिकडे. धाडकन कोसळला आणि खंदकावर आडवा पडला. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, एखाद्या रुंद पुलासारखा.

तुळाजीचा उगारलेला हात हवेतच राहिला. दरवाजा हत्तींना भ्यायला नव्हता, कुऱ्हाडींना नव्हता, शंभर माणसांच्या ओंडक्यालाही नव्हता. तो फक्त तुळाजीला भीत होता.

सुभानजी वळला. शत्रूकडे बघायचे सोडून त्याने आधी भावाकडे बघितले.

"दादा," त्याने विचारले, "काय केलंस रे तू याचं?"

उत्तर ऐकायला वेळ उरला नाही. शत्रू त्या पुलावरून आत शिरला. सुभानजी आणि त्याचे तीस पहारेकरी मोकळ्या वेशीत उभे राहिले. राणी आणि गावकरी मागच्या चोरवाटेने बाहेर पडेपर्यंत ते उभे होते. त्यांच्यातला एकही परत आला नाही. मागून लोकांनी ओढत नेले, म्हणून तुळाजी तेवढा वाचला.

नदीपलीकडच्या परक्या मुलुखात लोकांनी झोपड्या घातल्या. तुळाजीने राणीच्या पायाशी हार ठेवला आणि हिऱ्याचे, लोहाराचे, आसुडाचे, सगळे सांगितले. काही लपवले नाही.

"मला शिक्षा करा," तो म्हणाला.

राणीने हार बाजूला सारला. मग म्हणाली, "एका वर्षात हवा, असं मीच म्हणाले होते. तू माणसांना कसं राबवतोस, ते मी एकदाही येऊन बघितलं नाही. तुला शिक्षा करायला मी कोणत्या तोंडाने बसू?"

खाणीवर बातमी पोचली तेव्हा भिवराने भुयाराचे तोंड दगडांनी बुजवले आणि आपली माणसे घेऊन ती रानात निघून गेली. शत्रूने तीन वर्षे डोंगर खोदला. त्याला साधे लोखंडसुद्धा मिळाले नाही.

राणीच्या लोकांना आपली माती पुन्हा दिसायला अकरा वर्षे लागली. तुळाजी तोवर जगला नाही. पण जगला तितके दिवस त्याने कुणाला मोठ्याने हाक मारली नाही. सुभानजीची मुले अंगणात खेळताना आरडाओरडा करू लागली की तो कानांवर हात ठेवून घराच्या आत जाऊन बसायचा.

तात्पर्य : धाकाने काम लवकर उरकते, पण धाकात घडलेले काहीही वेळेला आपल्या बाजूने उभे राहत नाही.