दोर कोणी धरायचा

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरदेशाच्या राजाला गादीवर बसून अकरा वर्षे झाली होती, बारावे लागले होते. वैशाखाचा कृष्णपक्ष चालू होता. ही वेळ मधाची. मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, वेळ ध्यानात ठेवा. वेळेवर काढला तर मध, नाही तर नुसत्या माश्या.

त्या देशात एका उभ्या कड्याच्या माथ्यावर मध काढणाऱ्यांची वाडी होती. कड्याच्या पोटाला आग्या माश्यांची पोळी लटकत, सुपाएवढी मोठी. तिथे पाय टेकायला जागा नाही. मध काढणाऱ्याने कमरेला दोर बांधायचा, माथ्यावरच्या झाडाच्या बुंध्याला त्या दोराचा एक वेढा द्यायचा, आणि वरच्या माणसाने तो थोडा थोडा सोडत त्याला खाली उतरवायचे. खालचा मध काढतो. वरचा त्याचा जीव धरतो.

म्हणून वाडीचा एक कायदा होता. दोर धरायचा तो बायकोच्या भावाने. दोस्ताच्या मनात मत्सर येईल, भाऊबंदाच्या मनात जमीन येईल. पण दोर सुटला तर ज्याच्या बहिणीचे कुंकू पुसले जाते, तो हात ढिला सोडणार नाही.

कड्यावर वारा असा घोंगावे की हाक ऐकू येत नसे. तिथे दोरच बोले. एक हिसका दिला की दोर सोड. दोन दिले की वर ओढ. ही भाषा वाडीतल्या पोरासोरांना येत होती. पण दोर खाली ठेवला की हीच माणसे फक्त तोंडाचे ऐकत. जो मोठ्याने बोलेल तो खरा, गप्प बसेल तो लबाड. ही त्यांची चूक होती.

लखमा हा वाडीतला पहिल्या नंबरचा मध काढणारा. त्याच्यासारखा कड्याला कोणी उतरत नसे, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. त्याची बायको हिरू. हिरूचा भाऊ बुध्या. बुध्याने लखमाचा दोर लग्नापासून धरला होता, पण त्याच्या तोंडातून शब्द काढणे म्हणजे दगडातून पाणी काढणे. बोललाच तर कुरकुर करी. "दाजी, तुमचं वजन वाढलंय. कड्यापेक्षा तुम्हीच जड झालात." एवढेच.

पहिल्या उतरणीच्या आदल्या सांजेला वाडी कड्याच्या देवीपुढे जमे. दोर पसरून ठेवत. दोर धरणाऱ्याने त्यावर पंजा टेकून सगळ्यांदेखत म्हणायचे, "दोर माझा, जीव माझा." मग गूळ वाटायचा.

त्या सांजेला बुध्या दोराजवळ बसला. पंजा टेकला. पण बोलेना. मान खाली घातली, आणि पंजा दोरावरून हळूहळू सरकवू लागला.

लोक वाट बघत राहिले. कोणी तरी खोकले.

"बोल की," लखमा म्हणाला.

"दोर बघू द्या, दाजी."

"दोर बघतोस की तोंड लपवतोस?"

लोक हसले. बुध्याने मान वर केली नाही. लखमाला आठवले, शिमग्याला आपण याला सगळ्यांपुढे मुका बैल म्हटले होते. तो राग याने धरला असणार. नजर देत नाही तो माणूस पोटात काही तरी ठेवून आहे, असे लखमाने ठरवून टाकले.

"उठ," तो म्हणाला. "ज्याला माझ्यासाठी चार शब्द जड होतात, तो मला काय पेलणार?"

बुध्या उठला. पंजा धोतराला पुसला आणि चालू लागला.

तेवढ्यात लखमाचा चुलतभाऊ राघो पुढे आला. राघो बोलण्यात वाघ. लग्नात, बारशात, भांडणात, सगळीकडे तोच बोले. "दादा, काळजी कशाला? मी आहे ना! माझा प्राण जाईल, पण दोर सुटणार नाही. दोर माझा, जीव माझा!" असा ओरडला की देवळाच्या मागची कबुतरे उडाली.

लोकांनी मान डोलावली. लखमाची छाती फुगली. वाडीचा कायदा मोडला गेला, आणि गूळ वाटून झाला.

सकाळी सगळे कड्याच्या माथ्यावर आले. धुरासाठी ओल्या पाल्याची चूड बांधली. राघो झाडाजवळ उभा राहून बोलतच होता. वाऱ्यावर बोलला, माश्यांवर बोलला, लखमाच्या आजोबांवरही बोलला.

हिरू नवऱ्याच्या कमरेची गाठ तपासत होती. ती हळूच म्हणाली, "त्याच्याकडे जरा बघा."

"काय बघू? हसतोय."

"तोंड हसतंय. पाय बघा. दोन्ही पायांचे अंगठे वाडीच्या वाटेकडे आहेत. आल्यापासून कड्याकडे एकदाही तोंड केलं नाही त्याने."

"तुझं आपलं काही तरीच. भावाला बाजूला सारला म्हणून टोचतंय तुला."

"टोचतंय, खोटं कशाला बोलू. पण हातही बघा की. उभ्या जागी तिसऱ्यांदा धोतराला पुसले. एवढ्या गार वाऱ्यात हाताला घाम कुणाच्या येतो?"

"बाई," लखमा म्हणाला, "माणसाने देवीपुढे शब्द दिलाय. मी शब्द सोडून घाम बघत बसू?"

हिरूने गाठ आणखी आवळली.

लखमा उतरला. कड्याची कडा डोक्यावर गेली, राघोचा आवाज वाऱ्यात बुडाला. आता वर कोण आहे हे सांगायला एक दोरच उरला.

चूड धुमसू लागली. माश्यांचा काळा पडदा पोळ्यावरून हलला. लखमाने कोयता काढला, आणि तेवढ्यात त्याचा हात थांबला.

दोर थरथरत होता.

वाऱ्याने दोर हलतो तो वेगळा. तो लांब झोका असतो. ही थरथर बारीक होती, भेदरलेल्या सशाच्या छातीसारखी. इतक्या वर्षांत लखमाला दोरातून असे काही कधी कळले नव्हते. बुध्याचा दोर म्हणजे जमिनीत पुरलेला खांब. लखमाला वाटायचे, दोर असाच असतो. त्या घटकेला त्याला कळले की दोर तसा नसतो. तसा बुध्या असतो.

त्याने दोन हिसके दिले. वर ओढ.

दोर खाली आला. घाबरलेल्या माणसाने उलटे ऐकले होते. लखमा हातभर खाली घसरला, चूड सुटून दरीत गेली, आणि धूर नाहीसा होताच माश्या उठल्या. थोड्या लखमाला झोंबल्या. बाकीचा लोट कड्यावरून वर गेला, सरळ झाडाकडे.

वर राघोने माश्या बघितल्या. एक हात सुटला. मग दुसरा सुटला.

दोर बुंध्याभोवती सरसरत फिरू लागला. खाली लखमा कोसळत होता. कड्याचा दगड डोळ्यांसमोरून वर वर पळत होता. त्याने देवीचे नाव घेतले नाही. हिरूचे घेतले.

आणि दोर थांबला.

असा थांबला की कंबर मोडते की काय वाटले. मग एक क्षण काहीच नाही. मग दोर ताठ झाला. थरथर नाही, हिसका नाही. खांबासारखा. लखमाने डोळे मिटले. हा हात त्याच्या ओळखीचा होता.

त्याला सावकाश वर ओढले गेले. वर येता येता हाताने दोर चाचपताना त्याला एक जागा लागली. तिथे जुना पीळ विरला होता, आणि त्यावर अंबाडीच्या तंतूंचा नवा, अजून ओलसर वाख घट्ट गुंडाळलेला होता. रात्रीत कोणी तरी दोर सांधला होता. सांजेला बुध्याची मान का खाली होती, ते लखमाला तिथे, अधांतरी लटकताना कळले. त्याने नजर चोरली नव्हती. त्याची नजर दोरावर होती. कुजक्या दोरावर हात ठेवून तो शपथ घ्यायला तयार नव्हता, इतकेच.

माथ्यावर बुध्या टाचा रोवून बसला होता. पहाटेपासून तो झुडपाआड उभा होता, हे हिरूने नंतर सांगितले. पळता दोर धरायला वेळ नव्हता, म्हणून त्याने उजव्या खांद्यावर आडवा घेतला होता. खांद्याची सालटी निघाली होती. तोंडावर, मानेवर माश्यांचे काटे. डोळा सुजून मिटला होता.

"दाजी," तो म्हणाला, "पोळं खालीच राहिलं की."

लखमाला हसू आले, आणि हसता हसता तो रडला.

राघो करवंदीच्या जाळीत अंग चोरून बसला होता. वाडीतली माणसे त्याच्यावर धावून जाणार होती. लखमाने हात आडवा केला.

"का सोडलास?"

"दादा, मला उंचीची भीती वाटते. लहानपणापासून. माश्यांचीही वाटते."

"मग सांजेला बोलला का नाहीस? एरवी तर तोंड बंद होत नाही तुझं!"

"सगळे बघत होते," राघो म्हणाला. "सगळ्यांदेखत नाही कसं म्हणू?"

"तो सांगतच होता की," हिरू म्हणाली. "सकाळपासून. पाय सांगत होते, हात सांगत होते. ऐकायला कुणी तयार नव्हतं."

भित्र्या माणसाला कड्यावर उभे करणारा लखमाच होता. खऱ्या माणसाला हाकलणाराही तोच. लखमा अभिमानी होता, पण मूर्ख नव्हता. त्याने डोक्यावरचे फडके काढले आणि बुध्याच्या पायांशी ठेवले.

बुध्याने ते पायाने बाजूला केले नाही. उचलून खांद्याच्या रक्ताला लावले. "धुऊन देईन," म्हणाला.

त्या हंगामात राघोकडे धुराच्या चुडी बांधायचे काम दिले. जमिनीवर पाय असले की तो शहाणा माणूस होता. बुध्याचा खांदा भरला, पण उजव्या हाताला पूर्वीचे बळ आले नाही. तेव्हापासून त्याचा धाकटा भाऊ दोर धरू लागला. लखमा मधाचे पहिले पोळे बुध्याच्या दारी घेऊन गेला. बुध्याने परत पाठवले. "बहीण माझी आहे. देणं कसलं?" असा निरोप. लखमाने बी-बियाणे पाठवले, तेही परत आले. देणे तसेच राहिले, आणि ते लखमाला रात्रंदिवस बोचू लागले.

मग एका सकाळी बुध्या त्याच्या ओट्यावर येऊन टेकला. हिरूने पाणी दिले.

"सगळं बरं ना रे?" लखमाने विचारले.

"बरं."

"बायकापोरं?"

"बरी."

"घर?"

"उभं आहे."

पूर्वीचा लखमा एवढ्यावर थांबला असता. शब्द ऐकले, झाले. आता त्याने बघितले. बुध्याने लोटा डाव्या हाताने घेतला होता. पाणी प्यायला, पण पाठ भिंतीला टेकली नाही. 'घर' म्हणताना त्याची नजर वर गेली होती, ओट्याच्या छपराकडे, आडव्या आढ्याकडे, आणि तिथून पटकन खाली आली होती. कपड्यांवर लाकडाचा भुसा होता. धाकटा भाऊ सासुरवाडीला गेलेला होता.

लखमा उठला. कुऱ्हाड घेतली.

"कुठं निघालात, दाजी?"

"तुझ्याकडे."

"मी काही मागितलं नाही."

"माहीत आहे. चल."

बुध्याच्या घराचे जुने आढे मधोमध मोडले होते. नवे, सागाचे, तासून अंगणात पडले होते. ते चढवायला उजव्या खांद्याचे बळ लागते. लखमाने ते आपल्या उजव्या खांद्यावर घेतले. बुध्याने दुसऱ्या टोकाला डावा खांदा लावला. वजन सगळे लखमाकडे आले. त्याने बोलून दाखवले नाही. गुडघे थरथरले, ते बुध्याने बघितले आणि तोही बोलला नाही. आढे चढले. खाचेत बसले.

देणे फिटले.

माणसाचा शब्द कानाने घ्यावा, पण माणूस डोळ्यांनी ओळखावा.