सराट्याच्या माळाचा शाप

एका राज्यात राजाचा पांढरा कळप होता, त्यात एकच मेंढी काळी. मायाप्पा धनगर तो राखायचा. जवळच एक शापित माळ होता. माळाच्या पोटात गुहा, गुहेत मेलेल्या मांत्रिकाचं सोनं. मरताना तो बोलून गेला होता, "जो या माळाचं खाईल, त्याला ऊन खाईल." दुष्काळात दोन सरी पडल्या अन् माळावर सराट्याची काटेरी वेल हिरवीगार पसरली. राजा म्हणाला, कळप तिथंच चारा. त्याला कुठं चरायचं होतं! मायाप्पानं चारलं.

पाचव्या दिवशी मेंढरांचे कान सुजून लोंबले. ओठ जाड झाले, डोळे चिकटले. नाकाची कातडी तडकली, करपल्या भाकरीसारखी. ऊन पडलं की मेंढरं ओरडत. मेंढरू तसं ओरडत नसतं.

राजानं मायाप्पाची लेक तानाई धरून नेली. म्हणाला, "तिसऱ्या दिवशी सूर्य बुडताना कळप बरा दिसला पाहिजे. नाहीतर हिला हाच सराटा चारून उन्हात बांधीन."

धनगरांची रीत अशी, की आजारी जनावराला तेल-हळद चोळून उन्हात उभं करायचं, रोग वाळतो. मायाप्पानं तेच केलं. दुपारपर्यंत चाळीस मेली.

माळावर अंडी उबवणारी टिटवी बोलली, "अंगाला तेल, वर ऊन. तळतोयस काय रे म्हाताऱ्या?"

"बापाची रीत आहे. तू अंडी सांभाळ."

"ऊन तुझ्या बापाचं ऐकत नाही. ती काळी बघ. तिनंही तोच पाला खाल्लाय. काळ्या कातडीत ऊन शिरत नाही, म्हणून धड उभी आहे."

मायाप्पानं बघितलं. चाळीस त्यानंच मारली होती.

"काय करू, बाई?"

"तीन कामं. कळप गुहेत ने, दिवा लावू नको. मेंढरं सोन्यावर बसव, तू कणभर घेऊ नको. गुहेच्या तोंडाला धोंडा लाव, तो तिसरा सूर्य बुडेपर्यंत हलवू नको, कोणी का हाक मारीना."

कडबा अन् पाणी घेऊन तो आत गेला. अंधारात मेलेला मांत्रिक त्याच्या कानाशी श्वास टाकत बसला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मूठभर घे, लेक सोडवून आण." मायाप्पानं मुठी काखेत दाबल्या.

तिसऱ्या दुपारी राजाच्या शिपायांनी तानाईला गुहेबाहेर आणून बांधलं. ती ओरडली, "आबा! मला बांधलंय! या!"

फटीतून ऊन सुरीसारखं आत आलं होतं. धोंडा काढला तर मेंढरं मरतील, मग लेकही मरेल. त्यानं धोंड्याला पाठ लावली अन् घोंगडीचा बोळा तोंडात कोंबला. हाका येतच राहिल्या; कानाशी मात्र आता मांत्रिकाचा श्वास नव्हता.

सूर्य बुडाला. कळप बाहेर आला. करपलेली कातडी गळून खाली नवी गुलाबी आली होती, डोळे उघडे होते. शिपायाच्या हातातला सराटा तानाईच्या ओठांशीच थांबला.

राजा सोन्यासाठी गुहेत धावला, अन् ओंजळभर लेंड्या घेऊन आला. "माझं सोनं?"

"मेंढरं बसली त्यावर, महाराज. खत झालं. शेतात टाका."

सोनं गेलं, शाप गेला. माळावरचा सराटा उभ्या उभ्या वाळला.

मायाप्पा लेकीच्या दोराची गाठ सोडू लागला.

"पोरी, किती हाका मारल्यास गं?"

"एकच, आबा. मग उन्हात ओरडणारी मेंढरं आठवली, अन् तोंड मिटून घेतलं."