तारेवरचा राखणदार

त्या राज्यात घरोघरी एक तार येत असे आणि जगातलं सगळं बरंवाईट त्या तारेवरूनच आत शिरत असे. निरोप यायचे, तशाच थापाही यायच्या. परकी माणसं ओळखीच्यांचा आवाज काढून बोलायची. त्रिंबकच्या शेजाऱ्याने अशाच एका आवाजाला भावाचा आवाज समजून घराच्या सगळ्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगून टाकलं, आणि त्याच्याकडे अंगावरच्या कपड्यांखेरीज काही उरलं नाही.

ते पाहून त्रिंबकने तारेवर राखणदार बसवायचं ठरवलं.

माळ्यावर जुना संगणक पडून होता. त्यावर त्याची लेक वैजयंती शिकली होती. लग्नावरून बापाशी भांडून ती नदीपलीकडच्या गावी निघून गेली, तेव्हापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. त्रिंबकने तो खोलला. धूळ झटकून मदरबोर्ड, मेमरीची पट्टी आणि छोटा पंखा काढला, आणि पोळ्यांच्या डब्याएवढ्या पत्र्याच्या पेटीत सगळं दाटीवाटीने बसवलं. बाहेरची तार एका बाजूने पेटीत घेतली, दुसऱ्या बाजूने घरात सोडली. वीज दिली तसा पंखा फिरू लागला आणि पेटी बोलली.

"काय हुकूम, मालक?"

"आम्ही ज्याला हाक मारू, त्याचंच उत्तर आत येऊ दे. आपणहून येईल त्याला परत धाड."

"आपलं माणूस असलं तर?"

"ते ठरवायचं तुझं काम नाही. आवाज कोणालाही काढता येतो."

राखणदार कामाला लागला. घर इतकं शांत झालं की त्रिंबक बऱ्याच वर्षांनी दुपारी गाढ झोपला. त्याची बायको सुलोचना मात्र चुकल्याचुकल्यासारखी वावरायची.

"माझ्या ताईचा निरोप नाही आला बऱ्याच दिवसांत," ती एकदा म्हणाली.

"तू विचारलंस का तिला?"

"ती आपणहून कळवायची हो."

पुढे पुढे सुलोचना ताईचा विषय काढेनाशी झाली. येणारं थांबलं तसं विचारणंही आटलं. वैजयंतीचं नाव तर त्या घरात आधीपासूनच कोणी घेत नव्हतं.

मग एके सकाळी दूध घालायला आलेला गवळी दारातच थबकला. "नदीपलीकडे तापाची साथ आहे म्हणे. घरंच्या घरं ओस पडलीत. तुमची लेक तिकडेच ना?"

सुलोचना दुधाचं भांडं तसंच टाकून पेटीपाशी गेली.

"वैजूने काही कळवलं होतं?"

"एक बाई रोज येत होती," राखणदार म्हणाला. "बाबांना सांगा, मला न्यायला या, म्हणायची. नंतर नंतर नुसतंच, आई आहे का, विचारायची. तिला कोणी हाक मारली नव्हती. मी परत धाडत गेलो."

"आणि आता?"

"आता येत नाही."

त्रिंबक मागे उभा राहून ऐकत होता. त्याने फळीवरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला. सुलोचनाने त्याचा हात धरला.

"मोडू नका. तिचं शेवटचं बोलणं त्याच्या एकट्याच्या कानावर पडलंय."

स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातून गळून पडला. तो पेटीपुढे खाली बसला. भांडणानंतर लेकीचं नाव त्याने तोंडातून काढलं नव्हतं. मग त्याने तारेवर हाक मारली.

"वैजू."

"हाक गेली, मालक," राखणदार म्हणाला. "आता ती आली तर मी अडवणार नाही."

दोघं नवरा-बायको तिथेच जमिनीवर बसून राहिली. ऊन भिंतीवरून सरकून गेलं. तारेवरचं दार सताड उघडं होतं, आणि पेटीतला छोटा पंखा आतली ऊब बाहेर टाकत होता.