खेकड्याचे भाऊबंद

माणसाला शीड ठाऊक नव्हतं त्या काळात खाडीतले प्राणी करवंट्यांच्या होड्यांची शर्यत लावत. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन. सगळ्या शर्यती मिळून ज्याचे गुण कमी, तो जिंकला. गैरहजर राहणाऱ्याला, नोंदलेल्या एकूण होड्यांपेक्षा एक गुण जास्त.

अंडी घालायला गेल्यामुळे कासविणीची एक शर्यत चुकली, तरी ती पुढेच होती. मग शेवटच्या शर्यतीआधी खेकड्याने आपले झाडून सगळे भाऊबंद नोंदवले. होड्या वाढल्या, तसे कासविणीचे त्या चुकलेल्या शर्यतीचे गुणही वाढले आणि खेकडा पुढे गेला.

“अहो, हे तर काल आले! यांना कशाला मोजता?” कासवीण पंच बगळ्याला म्हणाली.

“नियम नोंद बघतो, कासवबाई. कधी केली ते नाही.”

खेकड्याने खुशीत नांग्या वाजवल्या.

शर्यतीच्या सकाळी तो नवख्या भाऊबंदांची शिडं बांधत बसला. तेवढ्यात शंख वाजला आणि त्याची स्वतःची होडी काठावरच राहिली. बगळ्याने त्याला गैरहजर धरलं.

आपले गुण ऐकून खेकडा ओरडला, “अहो, हे तर काल आले! यांना कशाला मोजता?”

 कासविणीचं म्हणणं आज खेकडाच मांडत होता.