दोन बोटांची फट

"पण ही दोन बोटांची फट का सोडलीत, चाचा?"

या फटीनं शाल्मलीची झोप उडवली होती. पाचगणीचं धुकं आत शिरेल, बाबांच्या मागं राहिलेली त्यांची जीप गंजेल... घराला लागून नव्या गॅरेजच्या जमिनीसाठी मुरूम ठोकून झाला होता. त्यावर प्लास्टिक, थर्माकोलचे तक्ते, लोखंडी जाळी. ऊब टिकावी म्हणून एवढा खटाटोप, आणि घराच्या भिंतीलगत मात्र उघडी फट. दुपारी काँक्रीट पडलं की मग बोलून उपयोग नव्हता.

मौलाचाचांनी विडी कानामागं खोवली. हे घरही त्यांनीच बांधलं होतं, तिच्या बाबांसाठी.

"तिथं थर्माकोलची पट्टी बसंल. धुकं नाही येत."

"तसं नको. भिंतीत सळया घालून बांधूनच टाका. बाबांच्या घराला जोडलेलं असू दे."

"मोबाइलवर बघितलंस?"

"अकरा व्हिडिओ."

ती ओशाळली. मनवा झाली तेव्हा मूल कसं निजवावं हेही तिनं तिथंच पाहिलं होतं. मूल काही निजलं नव्हतं.

चाचा मागच्या दाराशी गेले. तिथला ओटा भिंतीपासून फाटला होता. करंगळी जाईल एवढी भेग.

शाल्मलीनं ती लगेच ओळखली. लहानपणी ती त्यात चिंचोके लपवायची. बाबा जीप धुता धुता ते शोधायचं सोंग करायचे, आणि त्यांना ते कधीच सापडायचे नाहीत...

"घरानंतर दोन वर्षांनी हा ओटा घातला," चाचा म्हणाले. "तुझे बाबा म्हणाले, मौला, भिंतीला घट्ट बांध. मी म्हटलं, नको. ऐकतात होय? बांधला."

"मग?"

"घर जमिनीत दबून बसलेलं होतं, पोरी. ओट्याला अजून बसायचं होतं. बांधला, म्हणून फाटला..."

ती चाचांमागून पुन्हा फटीपाशी आली. जाळीवर पाय पडू नये म्हणून तिनं चार वर्षांच्या मनवाचा हात घट्ट धरला होता.

"मग दोन्ही जोडायचं कशानं, चाचा?"

"एकाच जमिनीवर तर आहेत दोघं."

चाचांनी पट्टी फटीत उभी केली, तळव्यानं दोनदा थोपटली.

मनवा म्हणाली, "आई, हात सोड ना. मी कुठं जातेय?"