पाणकणीस की मुशी?

एका खाडीकाठच्या गावात एक भोळा जावई होता. नाव लखमा. बायको मंजुळा रुसून पैलतीरावर माहेरी जाऊन बसली होती. तिच्यावाचून त्याला घास गिळवेना. तो सासऱ्यांकडे गेला.

सासरे गोमाजी म्हणाले, "जावईबापू, एक काम धड करून दाखवा, मग पोरीला पाठवतो. चटईसाठी पाणकणीस आणा."

लखमाने दलदलीतलं पाणकणीस मुळासकट उपटून आणलं.

"अहो, वरचं कापून आणायचं, मुळं चिखलात ठेवायची! पुन्हा फुटतं."

"बरं मामा. आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी गोमाजींच्या होडीने खोल समुद्रातून मुशी आणली. मुशी म्हणजे शार्कच ती, तोंडभर दात. सासऱ्यांनी ती कापून आणायला सांगितली. लखमाने अर्धीच आणली.

"शेपटीकडची कुठंय?"

"चिखलात रोवली. पुन्हा फुटेल."

खेकड्यांची चंगळ झाली.

"अहो, ते गवत, हा मासा! हिचं पोट चिरायचं, मीठ चोळायचं, उन्हात टांगायचं."

"बरं मामा. आता तसंच करतो."

मग गोमाजींनी बांधावर लावायला पाणकणसाची रोपं मागवली. लखमाने ती उभी चिरली, मीठ चोळलं आणि दोरीवर टांगली. अगदी मन लावून केलं हो बिचाऱ्याने!

गोमाजींनी कपाळावर हात मारला. "मेलेलं वाळवायचं! जिवंत असेल ते गुडघाभर चिखलात उभं करायचं. मूळ धरलं की एकाची चार होतात."

"बरं मामा. आता तसंच करतो."

"काही करू नका. पोरीला घेऊन जा. निदान माझा बांध तरी वाचेल."

होडीत लखमा मंजुळेकडे टक लावून बसला. दात होते, म्हणजे मुशी. पण उंच, सडपातळ, वाऱ्यावर डुलणारी, म्हणजे पाणकणीस. त्याला घाम फुटला.

मंजुळा लाजली. इतक्या प्रेमाने त्याने तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. "अहो, असं काय बघता?"

बोलली, म्हणजे जिवंत. लखमाला हायसं वाटलं. ओहोटी संपत आलेली, होडी चिखलाला टेकली.

"मंजुळे, उतर जरा."

ती उतरली आणि गुडघ्यापर्यंत रुतली. होडी हलकी झाली. लखमा वल्हवत घरी आला.

आई भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. "सून कुठंय रे?"

"खाडीत लावली."

"लावली?"

"गुडघाभर. छान धरलंय. एकीच्या चार होतील."

आई भाकरतुकडा टाकून किनाऱ्याकडे पळत सुटली. "अरे मेल्या, होडी काढ! भरती येतेय!"

"येऊ दे की," लखमा म्हणाला. "तेवढंच रोज पाणी घालायला जायला नको."